आधी बाहेरून, मग आतून

मंदाताई टिपणीस घराच्या रंगाचा हिशेब रुपयांत करत नसे, साडीच्या फॉलमध्ये करत असे. स्वयंपाकघर म्हणजे अडीचशे फॉल, आतली खोली दोनशे, बाहेरची खोली दीडशे. डोंबिवलीत फडके रोडवरच्या दोन दुकानांतून तिच्याकडे फॉल लावायला साड्या यायच्या आणि दोऱ्याचा खर्च जाता एका साडीमागे चार रुपये सुटायचे. त्यातले घरात लागतील ते घरात जायचे, आणि तीस रुपये मात्र काहीही झालं तरी महिन्याच्या महिन्याला पोस्टात. भिंतींची मापंही तिने शिवणाच्या टेपनेच घेतलेली. ती स्टुलावर उभी राहून टेपचं एक टोक धरायची आणि दुसरं मी. आमचं घर त्यांच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर, म्हणून मला हाक मारणं सोपं. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर मोजायचं ते काय, पण ती दरवर्षी मोजायची. भिंती वाढतात की काय, असं मी तिला चिडवायचे. ती म्हणायची, भिंती नाही गं वाढत, भाव वाढतात.

आमची इमारत चार मजल्यांची, सोळा बिऱ्हाडांची, ब्याऐंशी साली पुरी झालेली. बिल्डरने बाहेरून रंगाचा एक हात मारला होता तेवढाच. पश्चिमेच्या भिंतीवर पाऊस थेट आपटायचा, गिलाव्याला केसासारख्या चिरा पडल्या आणि त्यातून पाणी आत झिरपायला लागलं. टिपणिसांची आतली खोली नेमकी त्या भिंतीची. जुलैत भिंत काळी पडायची, दसऱ्यापर्यंत पोपडे सुटायचे, कपाट भिंतीपासून वीतभर लांब ठेवावं लागायचं आणि तरी आतल्या साड्यांना कुबट वास यायचा. चौऱ्याऐंशी साली मंदाताईने हौसेने त्या खोलीला डिस्टेंपर लावून घेतला. एका पावसाळ्यात तो चपातीच्या पापुद्र्यासारखा सुटून खाली आला. रंगारी म्हणाला, बाई, आधी बाहेरून, मग आतून. बाहेरच्या चिरा भरल्याशिवाय आत कितीही पैसे ओता, ते पाण्यातच जाणार.

आता बाहेरची भिंत काही तिची नाही. ती सोसायटीची. म्हणजे सोळा घरांची, आणि सोळा घरांची सतरा मतं. तळमजला म्हणे, आम्हाला ओल नाही, आम्ही का भरायचं. एका बिऱ्हाडाला गुलाबी रंग हवा होता, त्यावर दोन सभा गेल्या. आमचे हे, म्हणजे आनंद, दर सभेत उठून परांचीच्या बांबूंचं भाडं रोजाने लावणार की ठोक, एवढंच विचारायचे. तो त्यांचा ठरलेला प्रश्न होता. उत्तर मिळालं की खाली बसायचे आणि पुढच्या सभेत पुन्हा उठायचे. मी घरी म्हणायचे, अहो, एकदा वहीत लिहून ठेवा ना. पण सभेत काहीतरी विचारल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे.

या सगळ्यांना सांभाळायचं काम मधुकर टिपणिसांचं. ते सोसायटीचे सेक्रेटरी, अर्थातच बिनपगारी. दिवसभर ठाण्याला सरकारी कचेरीत हिशेब तपासायचे आणि संध्याकाळी घरी येऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या. त्यांची बाहेरची खोली ही खोली नव्हतीच. पाण्याच्या पंपाचा सुटा भाग, टाकीच्या किल्ल्या, फायलींचे गठ्ठे, गच्चीच्या डांबराचा अर्धा डबा, सगळं तिथे. रोज कोणी ना कोणी तक्रार घेऊन यायचं आणि खुर्चीत बसायचं, मंदाताई मांडीवरची साडी बाजूला ठेवून चहा टाकायची. टिपणिसांना वाटायचं, चहा आपोआप होतो. मला त्यांचा फार राग यायचा, आणि खरं सांगायचं तर तिचाही यायचा. एकदा तरी म्हण ना, घरात दूध नाही म्हणून. ती म्हणायची, तेवढं बोलायलासुद्धा जीव लागतो गं, माझ्यात नाही तो.

टिपणीस अतिशय सरळ माणूस. इतका सरळ, की शेजारी उभं राहिलं तरी आपण वाकडे वाटावं. आणि त्या सरळपणाला एक भीती चिकटलेली होती. त्यांच्या आधीच्या सेक्रेटरींनी पाण्याच्या टाकीची दुरुस्ती चालू असताना त्याच गवंड्यांकडून स्वतःच्या माळ्याला गिलावा करून घेतला होता. पैसे त्यांनी पदरचे दिले असतीलही. पण जिन्यात कुजबुज सुरू झाली, सोसायटीच्या सिमेंटवर माळा झाला म्हणून. तोंडावर कोणी काही बोललं नाही. वर्षभरात त्या गृहस्थांनी जागा विकली आणि ते वर्तकनगरला निघून गेले. त्यांच्या पाठोपाठ टिपणीस सेक्रेटरी झाले, आणि झाले ते हा धसका घेऊनच. सोसायटीच्या टाचणीने घरचा कागद टाचायचे नाहीत.

नव्वद सालच्या गणपतीत मंदाताईची मुलगी चित्रा नाशिकहून सासूला घेऊन आली होती. लग्नाला वर्ष झालं होतं. सासूबाई स्वभावाने वाईट नव्हत्या, पण जे दिसलं ते बोलणाऱ्या. आतल्या खोलीतली भिंत बघून म्हणाल्या, “इथे बाळंतीण कशी ठेवणार हो तुम्ही? ओल अंगात शिरेल. पहिल्या वेळी आम्ही नाशिकलाच करू सगळं.” तेव्हा चित्राला दिवससुद्धा गेलेले नव्हते. तरी मंदाताईचा चेहरा उतरला तो उतरलाच. तिचं माहेर ठाण्याचं, खारकर आळीतलं. तिच्या बाळंतपणाच्या वेळी तिच्या वडिलांनी महिनाभर आधी खोलीला स्वतः चुना मारला होता. बाळंतिणीला पांढरी, कोरडी खोली द्यायची, हा त्या घरचा रिवाज. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी होऊ नये आणि तेही एका भिंतीमुळे, हे तिला सोसेना. त्या दिवसापासून रंग ही तिची हौस राहिली नाही.

जानेवारीत नाशिकहून चित्राची बातमी आली. ऑगस्टमधली तारीख. आणि योग असा, की त्याच महिन्यात आमच्या सोसायटीने एकदाचा बाहेरचा रंग मंजूर केला. गुलाबीवाले थकले होते, तळमजल्यावरच्यांच्या जिन्याखाली पाणी साचायला लागलं होतं, म्हणून. कल्याणजवळच्या मोहने गावच्या भाऊ नावाच्या रंगाऱ्याला काम दिलं. फेब्रुवारीत परांची बांधली, चिरा खरवडून भरल्या, सिमेंटच्या रंगाचे दोन हात दिले. मार्चअखेर परांची उतरली आणि इमारत फिकट पिवळी, स्वच्छ, एखाद्या सरकारी विश्रामगृहासारखी दिसायला लागली. मंदाताई रस्त्याच्या पलीकडे जाऊन बराच वेळ वर बघत उभी होती. परत आली ती थेट पोस्टात गेली. पाच वर्षं भरलेले तीस-तीस रुपये व्याजासकट चोवीसशे झाले होते. नेमके सहाशे फॉल. मुदत नुकतीच पुरी झाली होती. इतकं सगळं जुळून आलेलं मी तिच्या आयुष्यात दुसऱ्यांदा पाहिलेलं नाही.

भाऊ इथेच होता, त्याची माणसं इथेच होती. एप्रिलात काम केलं तर पावसाच्या आधी रंग वाळणार, वास जाणार, जूनमध्ये चित्रा येणार. मंदाताईने संध्याकाळी नवऱ्यापुढे हे सगळं मांडलं. रंगसुद्धा सांगितले. टिपणिसांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “या वर्षी नको.”

का, तर बाहेरचं काम नुकतंच संपलंय. तोच रंगारी, तीच माणसं, आणि सेक्रेटरीच्या घरात रंग. लोक काय म्हणतील? सप्टेंबरात वार्षिक सभा होऊ दे, हिशेब मंजूर होऊ देत, मग दिवाळीला खुशाल लावू. दुसरा रंगारी आण म्हटलं तर तेही नको. मग म्हणतील, तोंडदेखला दुसरा आणलाय.

हे तिने दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन सांगितलं. हातात कोणाची तरी मोरपंखी साडी होती आणि टाके घालणं चालूच होतं. मी म्हटलं, अगं, कर नाही त्याला डर कशाला? ती म्हणाली, कर नसलेल्यालाच जास्त डर असतो, हे मला या घरात येऊन कळलं. मग तिने नवऱ्याला काय उत्तर दिलं तेही सांगितलं. ती एवढंच म्हणाली होती, “बाळ ऑगस्टमध्ये येतंय. ते तुमच्या सभेसाठी थांबणार नाही.”

टिपणीस तिसऱ्या दिवशी म्हणाले, लाव. मंदाताईला वाटलं, जिंकलं. भाऊला निरोप गेला, सामान आलं, आतल्या खोलीतली कपाटं मधोमध ओढली. कामाला सुरुवात झाली त्या सकाळी टिपणीस नेहमीप्रमाणे साडेसातला निघाले आणि जाता जाता तळमजल्यावरच्या काचेच्या नोटीसबोर्डात एक कागद लावून गेले. बोर्डाची किल्ली त्यांच्याकडेच असायची.

दूध घेऊन येताना मीच तो पहिल्यांदा वाचला. सुबक अक्षर, खाली सही. सेक्रेटरी यांच्या राहत्या जागेच्या अंतर्गत रंगकामाचा अंदाजे खर्च. स्वयंपाकघर एक हजार, आतील खोली आठशे, बाहेरील खोली सहाशे. सोसायटीच्या कामातील कोणतेही शिल्लक साहित्य वापरलेले नाही. आणि शेवटी: ‘सदर रक्कम सौ. मंदाकिनी यांनी साड्यांना फॉल लावून पोस्टात साठविलेल्या पैशांतून देण्यात येणार आहे. पासबुक व पावत्या सभासदांस केव्हाही पाहावयास मिळतील. हा कागद वार्षिक सभेपर्यंत येथे राहील.’

मंदाताई फॉल लावते हे आम्हाला दोघीतिघींनाच ठाऊक होतं. बाकीच्यांना ती सांगायची, वेळ जात नाही म्हणून करते थोडंसं. पैसे किती, कुठे ठेवते, हे तर मलाही त्या मार्चपर्यंत माहीत नव्हतं. पाच वर्षं डोळे फोडून तिने एक गोष्ट स्वतःची अशी केली होती, आणि ती आता डासांच्या फवारणीच्या सूचनेशेजारी लटकत होती.

दुपारपर्यंत बाकीच्या पंधराही घरांनी कागद वाचला. पहिल्या मजल्यावरच्या शांताबाईंनी जिन्यात मंदाताईला थांबवून विचारलं, एवढे सुटतात होय फॉलचे? संध्याकाळी त्यांनी तीन साड्या आणून दिल्या, पैसे शेजारधर्माने काय ते लाव म्हणून. मंदाताईने साड्या घेतल्या. मग खाली गेली, पदराने चष्मा पुसून कागद वाचला, पुन्हा वर आली. मला वाटलं, आता तरी भांडेल. मी दार थोडं उघडं ठेवून बसले होते, अगदी खोटं का बोला. पण खालून एक चढा शब्द आला नाही. फक्त भांडी घासल्याचा आवाज आला.

आठवडाभरात आतली खोली झाली. भिंतीच्या खळग्यांत लांबी भरून, घासून, डिस्टेंपरचे दोन हात, पांढऱ्याकडे झुकणारा मोतिया रंग. स्वयंपाकघराला निम्म्यापर्यंत ऑइलपेंट, फोडणीचे डाग पुसता यावेत म्हणून. मग भाऊची माणसं बाहेरच्या खोलीत शिरली आणि फायलींचे गठ्ठे उचलायला लागली. मंदाताईने त्यांना थांबवलं. म्हणाली, एवढंच. हिशेब करा. मी तेव्हा तिथेच होते, वर्तमानपत्रं गोळा करत होते. मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं नाही.

टिपणीस संध्याकाळी आले तर बाहेरची खोली होती तशी. तेच पोपडे, तोच पंप. त्यांनी विचारलं, तिने सांगितलं, पैसे संपले. आणि गंमत पाहा, त्या माणसाला बरं वाटलं! बरंच झालं म्हणाले. येणाऱ्याजाणाऱ्याला हीच खोली दिसते, ती जुनी राहिली की कोणी बोट दाखवणार नाही. भावांत फरक पडला असेल असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं. जन्मभर लोकांचे हिशेब तपासणाऱ्या माणसाने घरच्या हिशेबात पावती मागितली नाही. मंदाताईने पानं घेतली आणि दोघं जेवली.

जूनमध्ये चित्रा आली. सासूबाई स्वतः सोडायला आल्या होत्या. भिंतीला तळवा लावून पाहिला, वासही घेतला, आणि म्हणाल्या, आता काही काळजी नाही. त्या रात्री मंदाताई निवांत झोपली असेल असं मला वाटलं होतं. पण सकाळी तिचे डोळे तसेच ओढलेले. म्हणाली, झोप येते, पण विसावा नाही मिळत गं. पाऊस आला, जुलै गेला, भिंत ठणठणीत कोरडी राहिली. ऑगस्टमध्ये चित्राला मुलगी झाली. पाचव्या दिवशी ती दवाखान्यातून घरी आली, शेगडी पेटली, शेक-धुरी सुरू झाली, आणि फॉलच्या साड्या महिनाभर दुकानातच राहिल्या.

बारशाला सगळी इमारत लोटली. आम्ही बायका आतल्या खोलीत पाळण्याभोवती, पुरुषमंडळी बाहेरच्या खोलीत. मधे पडदा बाजूला सारलेला, त्यामुळे इकडचं तिकडे ऐकू यायचं. नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटल्या, बर्फीची ताटली बाहेर गेली. आमचे हे बर्फी खात भिंतींकडे बघत होते. तेवढ्यात त्यांच्यातला सभासद जागा झाला.

“टिपणीस, आतलं काम झकास झालंय की. हीच खोली का राहिली?”

टिपणीस म्हणाले, जरा पैशांची ओढ झाली, आणि शिवाय हिशेब मंजूर व्हायच्या आधी सगळंच घर रंगवायचं म्हणजे तुम्ही मंडळी विचारणार.

“आम्ही? तुम्हाला कधी कोणी काही विचारलंय का हो?”

टिपणीस मग म्हणाले, “आधीच्या सेक्रेटरींनाही कोणी विचारलं नव्हतं. नुसते बोलले.”

बाहेर त्या खोलीत बसलेले निम्मेअधिक त्या वेळी जिन्यात उभे राहून बोललेले होते, आणि ते त्यांना आठवत होतं. माझ्या मनात पहिल्यांदा टिपणिसांबद्दल कणव आली. मंदाताई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. आता ती नवऱ्याची बाजू घेईल असं मला वाटलं, कारण आजवर तिने तेच केलं होतं. तिने ट्रे टेबलावरच्या फायलींवर ठेवला.

“पैशांची ओढ नव्हती झाली,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, नेहमीसारखा दमलेलाच होता. “सहाशे रुपये आहेत माझ्याकडे, या खोलीचे. पण या खोलीत मी कुठे राहते? इथे तुमची सोसायटी राहते. माझं पासबुक तुम्ही सगळ्यांनी वाचलंतच. आता या खोलीचं काय करायचं तेही सभेत ठरवा.”

कप कोणी उचलेना. ती वळून आत आली आणि पाळण्याची दोरी हातात घेऊन चित्राशेजारी बसली. बाळ झोपलंच होतं, तरी दोरी ओढत राहिली. शांताबाईंनी घुगऱ्यांचं पातेलं उगाचच इकडचं तिकडे केलं.

टिपणीस उठले आणि जिना उतरून गेले. बोर्डाची काच सरकल्याचा आवाज आम्ही वर ऐकला. परत आले तेव्हा त्यांच्या हातात तो कागद होता, टाचणीसकट. बाहेरच्या लोकांनी खुर्ची रिकामी करून दिली, पण ते बसले नाहीत. थेट आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी आले. बारशाच्या बायकांत पुरुषमाणूस येत नाही, म्हणून आम्ही सगळ्या पदर सावरायला लागलो.

“चुकलं माझं, मंदा,” ते म्हणाले. सगळ्यांच्या देखत त्यांनी तिला नावाने हाक मारलेली मी तोवर ऐकली नव्हती.

मंदाताईने वर पाहिलं. म्हणाली, “चहा गार होतोय. तुमचे लोक बसलेत, जा बाहेर.”

“बाहेर नाही बसत,” टिपणीस म्हणाले. “इथेच बसतो जरा.”

आणि ते आले, आमच्या पायांतून वाट काढत, कागद खिशात कोंबत, आणि पाळण्याशेजारी फरशीवर मांडी घालून बसले. मंदाताई हसली नाही, रडलीही नाही. नुसती थोडी सरकली.